मेलनीच्या दारावर टकटक

अनिता देसाईंची ‘फास्टिंग, फीस्टिंग’ १९९९ साली आली आणि त्या वर्षीच्या बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत पोचली. तेव्हापासून आपल्याकडच्या इंग्रजी विभागांच्या अभ्यासक्रमांत ती येऊन-जाऊन असते. बडोद्यात मी ती तीनदा शिकवली, आणि तिन्ही वेळा एकाच पद्धतीनं. पहिला भाग भारतातला, तिथं उमाचा उपास. दुसरा भाग मॅसॅच्युसेट्समधला, तिथं पॅटन कुटुंबाची मेजवानी. एकीकडे सक्तीचा अभाव, दुसरीकडे अजीर्ण झालेली सुबत्ता. हा ताळेबंद फळ्यावर मांडायला सोपा, परीक्षेत लिहायला त्याहून सोपा. पॅटनांची मुलगी मेलनी बकाबका खाते आणि ओकून टाकते. ती या ताळेबंदात अमेरिकी उपभोगवादाचं प्रतीक म्हणून चपखल बसायची. एका लेखात मी तसं लिहिलंही आहे. तो लेख आता मला मान्य नाही, म्हणून हा दुसरा.

तिसऱ्या वेळी तास संपल्यावर एक विद्यार्थिनी मागे थांबली. वर्गात फारशी न बोलणारी. तिनं विचारलं, “मॅडम, अरुणला बाथरूमच्या दारातून आवाज येतो ना? मग तो दारावर टकटक का करत नाही?” मी शिक्षकी उत्तर दिलं: तो परका आहे, पाहुणा आहे, संकोची आहे, त्याच्या स्वभावातच अलिप्तता आहे. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “हो, पण तुम्हीही प्रतीक म्हणालात आणि पुढे गेलात.” हे ती रागानं म्हणाली नव्हती. पुढचं तिनं सांगितलं ते बऱ्याच दिवसांनी. त्यातलं किती लिहायचं हे तिनंच ठरवून दिलं आहे, आणि मी त्या हद्दीत राहणार आहे.

त्या प्रश्नानंतर मी कादंबरी पुन्हा वाचली. वाचताना लक्षात आलं ते हे, की मेलनीच्या घरात तिचं दुखणं लपलेलं नाहीच. सगळ्यांना काही ना काही दिसतं. भाऊ रॉडला ठाऊक आहे. दिवसभर धावणाऱ्या-व्यायाम करणाऱ्या त्या मुलाच्या लेखी हा बारीक होण्याचा आळशी मार्ग आहे. वेडपट पोरगी, व्यायाम करायला नको, एवढाच त्याचा निकाल. वडील मागच्या अंगणात निखाऱ्यांवर मांस भाजण्यात गुंतलेले. घरात कोण जेवतं आणि कोण जेवत नाही, यापेक्षा भाजलेला तुकडा कोणी नाकारला हा त्यांचा प्रश्न. आई फ्रीझर भरत राहते. सुपरमार्केटमधून गाडीभर सामान आणायचं आणि ते जागच्या जागी रचायचं, यात तिला जे समाधान मिळतं ते देसाईंनी बारकाईनं टिपलंय. मुलगी एकदा तिच्यावर ओरडते की तुझ्या हातचं सगळं विषासारखं आहे. आईला ते अंड्यांबद्दल वाटतं.

म्हणजे खुणांची वाण नाही. तरीही कोणाला कळत नाही, कारण प्रत्येकाकडे त्यासाठी दुसरं एखादं नाव आधीपासून तयार आहे. आळस, हट्ट, वय, नखरे. आजार ओळखण्याच्या आड अज्ञान येतं असं आपण समजतो. ही कादंबरी दाखवते की आड येतं ते चुकीचं ज्ञान. घराला आपल्या माणसाबद्दल काही कळत नाही असं कधीच नसतं. घराला फार कळत असतं, आणि ते कळणं फार लवकर पक्कं झालेलं असतं.

हे वाचताना मला आपली नावं आठवत गेली. मराठी घरांत जेवणावरून माणसाला काय काय म्हणतात याची यादी केली तर एक कोश होईल. चवीची, चोखंदळ, अधाशी, खादाड, हावरट, ‘दुष्काळातून आलीस का’, ‘अंगाला काही लागत नाही’, ‘दृष्ट लागली’. पोरगी जेवेनाशी झाली तर ‘नाटकं’, फार जेवू लागली तर ‘सासरी कसं होणार’. आणि वर ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण. देसाईंच्या शीर्षकाचं मराठी रूपांतर कोणाला करायचं असेल तर ते इथं आयतं पडलंय. आपण ही म्हण हसत वापरतो, साबुदाण्याच्या खिचडीवर वापरतो, आणि हसण्यात काही वाईट नाही. पण दिवसभर स्वतःला उपाशी ठेवायचं, मग ताबा सुटेपर्यंत खायचं, मग त्याची शिक्षा म्हणून पुन्हा उपाशी राहायचं, हे चक्र ज्याच्या अंगात रोज फिरतं त्याला ती म्हण कशी ऐकू येत असेल? एकादशी करणारी बाई द्वादशीला शांतपणे पारणं फेडते. तिचा उपास दिनदर्शिकेत सुरू होतो आणि दिनदर्शिकेतच संपतो. ज्याचा संपत नाही, त्याच्यासाठी भाषेनं वेगळा शब्द केलेलाच नाही. ‘अ‍ॅनोरेक्सिया’ आणि ‘बुलिमिया’ हे शब्द मराठीत आले ते वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांतून. स्वयंपाकघरापर्यंत अजून पोचायचे आहेत.

मराठी वाङ्मयात अशी उदाहरणं नाहीत असं नाही; ती वेगळ्या शीर्षकाखाली ठेवलेली आहेत. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ ते १९३६) आपण विनोदासाठी वाचतो. सुरुवातीच्या पानांत वडिलांच्या सोवळ्याओवळ्याचा अतिरेक आहे, आणि सगळं घर त्या अतिरेकाच्या तालावर जगतं. लक्ष्मीबाईंची शैली इतकी हसरी की त्या घरातल्या मुलांच्या पोटात काय होत असेल हा प्रश्न आपल्याला पडत नाही. हा खाण्याचा विकार होता असा शिक्का मी मारणार नाही. सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाला पुस्तकातून निदान देणं हा उथळपणा आहे. माझं म्हणणं वाचकांबद्दल आहे. अन्नाभोवतीची भीती गमतीच्या सुरात सांगितली की आपण ती गंमत म्हणूनच वाचतो.

समीक्षकांची तऱ्हा त्याहून वेगळी नाही, फक्त त्यांच्याकडे भारदस्त नावं असतात. काफ्काच्या १९२२ मधल्या गोष्टीतला उपोषणाचे प्रयोग करणारा कलावंत म्हणजे कलेचा आत्मनाश, आधुनिकता, ईश्वरहीन तपश्चर्या. हान कांगच्या ‘द व्हेजिटेरियन’मधली येओंग-ह्ये म्हणजे पुरुषसत्तेला दिलेला नकार. ही वाचनं खोटी नाहीत. पण काफ्काचा माणूस शेवटी काय सांगतो ते आठवा: आपल्याला आवडेल असं अन्नच सापडलं नाही, सापडलं असतं तर आपणही इतरांसारखं पोटभर खाल्लं असतं. यात प्रौढी अजिबात नाही. हा जवळजवळ रुग्णानं दिलेला वृत्तान्त आहे. येओंग-ह्येच्या तोंडात बाप सगळ्यांदेखत मांस कोंबतो, त्या प्रसंगावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. तिसऱ्या भागात तिची बहीण इस्पितळाच्या वाऱ्या करते, डॉक्टर नळीनं अन्न द्यायचा प्रयत्न करतात आणि बहीण स्वतःला विचारत राहते की मला हे आधी का दिसलं नाही, त्या भागाबद्दल मात्र समीक्षक घाईत असतात. मला तो भागच पुस्तकाचा कणा वाटू लागलाय. नकार म्हटलं की त्याला टाळ्या मिळतात. आजार म्हटलं की कोणीतरी उठून रिक्षा बोलवावी लागते.

देसाईंकडे परत येते. १९९९च्याच डिसेंबरमध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तीन डॉक्टरांनी पाच प्रश्नांची एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. ‘स्कॉफ’ या नावानं ती आजही जगभर वापरली जाते. पोट असह्य भरल्यामुळे तुम्ही मुद्दाम उलटी करता का? किती खातो यावरचा आपला ताबा सुटला असं वाटतं का? गेल्या तीन महिन्यांत वजन बरंच उतरलं का? लोक बारीक म्हणत असतानाही स्वतःला लठ्ठ वाटतं का? अन्नानं तुमच्या आयुष्याचा कब्जा घेतलाय असं म्हणता येईल का? दोन उत्तरं ‘हो’ आली तर तज्ज्ञाकडे जायला हवं. हे निदान नव्हे, निदानाच्या दारापर्यंत पोचवणारी पायवाट आहे. एकाच वर्षातली एक कादंबरी आणि एक वैद्यकीय टिपण, दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. पण हे पाच प्रश्न हातात घेऊन मेलनीची पानं वाचली तर काय दिसतं? दोन प्रश्नांची उत्तरं वाचक तिच्या वतीनं डोळे मिटून देऊ शकतो. फक्त ते प्रश्न तिला विचारणारं त्या घरात कोणी नाही. प्रश्न विचारायला तर अरुणसुद्धा धजत नाही.

या पाच प्रश्नांत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की वजन हा पाचातला एकच प्रश्न आहे. आपल्या डोळ्यांना आजारी म्हणजे हाडाचा सापळा असं चित्र सवयीचं आहे. सिनेमानं ते पक्कं केलंय. बुलिमिया असलेल्या माणसाचं वजन बहुतेकदा चारचौघांसारखंच असतं. म्हणून तो वर्षानुवर्षं घरात, वसतिगृहात, कचेरीत वावरतो आणि कोणाला संशय येत नाही. या आजाराचं वेगळं वर्णन लंडनच्या जेरल्ड रसेल यांनी केलं तेही १९७९ साली. अ‍ॅनोरेक्सियाला विल्यम गल आणि लासेग यांनी १८७३मध्येच नाव दिलं होतं. मधली शंभरावर वर्षं मेलनीसारख्यांना वैद्यकाच्या पुस्तकातही स्वतंत्र जागा नव्हती. वरवर ठीक दिसणाऱ्या त्या शरीरात दातांवरचं कवच झिजतं, गालांच्या मागच्या लाळग्रंथी सुजतात, रक्तातलं पोटॅशियम खाली जाऊन हृदयाचा ठेका चुकू शकतो. जेवण झालं की लगेच बाथरूमकडे जाणं, डबे रिकामे सापडणं, चारचौघांत जेवायचं टाळणं, या खुणा वजनकाट्यावर दिसत नाहीत. आणि हो, हा फक्त मुलींचा आजार नाही. देसाईंनी रॉडचा व्यायामाचा ध्यास मेलनीच्या शेजारीच ठेवलाय, हे मला चौथ्या वाचनात दिसलं. घर एकाला शाबासकी देतं, दुसरीला वेडी म्हणतं.

आता अरुण. त्याला दिसतं, आणि त्यालाच का दिसतं, हा माझ्या मते कादंबरीचा गाभा आहे. लहानपणी त्याच्या वडिलांनी त्याला मांस खायला लावण्याचा घाट घातला होता. मुलगा धडधाकट व्हावा, पुढारलेला व्हावा म्हणून. मुलगा तोंड फिरवायचा. तो वाडवडिलांसारखा शाकाहारी निघाला याची वडिलांना लाज वाटायची. ज्या पोराच्या ताटावर दुसऱ्यांची महत्त्वाकांक्षा वाढली गेली, त्याला दुसऱ्याच्या ताटावरची लढाई ओळखू येते. म्हणूनच मेलनीचा चिडलेला, विद्रूप झालेला चेहरा बघताना त्याला एकदम बहीण आठवते. उमाचाही संताप असाच: आपल्याकडे, आपल्या वेगळ्या भुकेकडे कोणी बघतच नाही म्हणून. जगाच्या एका टोकाला ओरपून ओकणारी मुलगी, दुसऱ्या टोकाला बापासाठी संत्री सोलून देणारी. दोन्हीकडे दुखणं एकच, असं देसाई म्हणत नाहीत. त्या फक्त चेहरा ओळखतात. मी फळ्यावर रेघ मारून दोन भाग केले होते, त्या रेघेवरच अरुण उभा होता.

पण ओळखणं आणि काही करणं यात अंतर आहे, आणि तिथं अरुण कमी पडतो. दारामागून ओकारीचा आवाज येतो आणि तो आपल्या खोलीत जातो. पुढे पोहायच्या जागेजवळच्या झाडीत मेलनी स्वतःच्या ओकारीत पडलेली सापडते, तेव्हाच सारं उघड्यावर येतं. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न इथला आहे. साहित्यात दार न ठोठावणारी माणसं आम्हाला फार आवडतात, त्यांच्याबद्दल ‘अलिप्त निवेदन’ वगैरे लिहिता येतं.

दार ठोठावणारं माणूस कादंबरीत आहे, मात्र ते पहिल्या भागात आहे आणि दुसऱ्याच कारणासाठी. डॉ. दत्त. त्या घरी येतात आणि उमाला परिचारिकांच्या वसतिगृहाची व्यवस्था बघण्याचं काम देऊ करतात. आईवडील, ज्यांना देसाई ‘मामापापा’ असा एकच जोडशब्द देतात, नकार देतात. आईला एकाएकी स्वतःचं आजारपण आठवतं. उमा घरी हवी. प्रसंग चार-पाच पानांचा. मी तो शिकवताना नेहमी ‘स्त्रीच्या आर्थिक स्वातंत्र्याला विरोध’ एवढं म्हणून सोडत असे. आता वाटतं, बाहेरून आलेली मदत घरात कशी अडते याचं इतकं नेमकं चित्र दुसरीकडे क्वचित सापडेल. कोणी दुष्ट नाही. चहा दिला जातो, गोड बोललं जातं. आणि दार लावलं जातं. मुलीला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं असं सुचवलं की आपल्या घरांत नेमका हाच प्रसंग होतो: चहा, हसू, ‘आमच्याकडे तसं काही नाही हो’.

देसाईंवर माझा आक्षेप आहे तो यापुढचा. मेलनीला एका संस्थेत उपचारांसाठी पाठवतात, आणि कादंबरी ते दोन-चार वाक्यांत उरकते. अमेरिकी भाग एकूणच पातळ आहे, पॅटन मंडळी कधीकधी व्यंगचित्रासारखी होतात, पण तो दोष मी सोडून देईन. उपचार पडद्याआड गेले हे सोडवत नाही. साहित्याला कोसळणं लिहायला आवडतं. बरं होणं कंटाळवाणं असतं. बुलिमियाच्या आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मानसोपचारात, ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी घडवलेल्या पद्धतीत, पहिलं मोठं काम असतं ते ठरावीक वेळी खाण्याचं. न्याहारी, मधलं खाणं, जेवण, पुन्हा मधलं खाणं, रात्रीचं जेवण, आणि ते लिहून ठेवणं. यात नाट्य कुठलं? किशोरवयीन मुलांच्या अ‍ॅनोरेक्सियासाठी लंडनच्या मॉड्सले इस्पितळातून निघालेल्या पद्धतीत तर आईवडिलांनाच पुन्हा ताटाची जबाबदारी घ्यायला सांगतात. अरुणच्या बापासारखं कोंबायचं नाही. शेजारी बसायचं, ताट संपेपर्यंत बसायचं, रागवायचं नाही, उठायचं नाही. यात घर गुन्हेगार नसतं, घर औषधाचा भाग होतं. या महिनोन्महिने चालणाऱ्या बसण्यावर कोणी कादंबरी लिहिली तर मी ती आनंदानं शिकवीन.

माझ्या विद्यार्थिनीच्या बाबतीत दारावर टकटक केली ती वसतिगृहातल्या खोलीसोबतिणीनं. सौराष्ट्रातली मुलगी, विज्ञान शाखेची. तिला काही ठाऊक नव्हतं. तिनं दार वाजवून एवढंच विचारलं, “पाणी आणू का?” असं सलग आठ-दहा दिवस विचारत राहिली. अकराव्या दिवशी दार उघडलं. पहिल्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. दुसरीकडे जायला दीड महिना गेला, कारण घरी काय सांगायचं हे ठरत नव्हतं. मग दातांच्या डॉक्टरांनी दात बघून हलकेच विचारलं, आणि तिथून पुढची चिठ्ठी मिळाली. आता सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६ हा क्रमांक, मराठी-गुजरातीतही बोलता येतं. ती २०२२च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. यांच्या गोष्टीत ती उशिरा आली. अशा आजारात उशीर हा साधा शब्द नाही. मनोविकारांमध्ये अ‍ॅनोरेक्सियात जीव जाण्याचं प्रमाण सर्वांत वरच्या आजारांत गणलं जातं, आणि बुलिमियाही निरुपद्रवी नाही.

कादंबरीचा शेवट मी पूर्वी फार हळवेपणानं शिकवायचे. अरुण वसतिगृहात परत जायला निघतो. घरून त्याला पार्सल आलंय, चहाचा डबा आणि लोकरी शाल. सामानात बसत नाही म्हणून म्हणा, किंवा दुसऱ्या कशानं म्हणा, तो दोन्ही मिसेस पॅटनना देतो आणि शाल त्यांच्या खांद्यावर घालतो. उमानं बांधलेलं पार्सल मेलनीच्या आईच्या अंगावर. दोन खंडांची भेट वगैरे मी म्हणायचे. आता ते वाचताना मला चिडचिड होते. शाल आईला मिळाली. मेलनी त्या घरातही नाही.

विद्यार्थिनीनं माझी प्रत वाचायला नेली होती. परत आली तेव्हा तिच्यात पेन्सिलच्या खुणा होत्या. मेलनीची पानं कोरी होती. डॉ. दत्त घरी येतात त्या पानावर समासात उभी रेघ होती, आणि आई नकार देते तिथं पेन्सिल जरा जोरात दाबलेली. मी विचारलं नाही. पुढच्या सत्रात तो प्रसंग मी पहिल्याच तासाला घेतला.